चाळीस वर्षांच्या सेइको डायव्हरची रिंग बदलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी मस्कतला नोकरीला असताना घेतलेलं सेइकोचं डायव्हर घड्याळ. पाठीवर ६३०९-७०४० असा नंबर आणि ३८ ने सुरू होणारा सिरियल. मशीन व्यवस्थित चालतंय. पण काचेभोवतीच्या काळ्या रिंगचा रंग उडालाय, ३० आणि ४० च्या मध्ये आतला पांढरा धातू दिसतोय आणि बाराच्या त्रिकोणातला चमकणारा ठिपका कधीच पडून गेलाय. ऑनलाइन तशीच नवी रिंग मिळते. ती घरी बदलता येईल का? रिंग दोन्ही बाजूंना फिरते, हा बिघाड आहे का? आणि नवी रिंग बसवली की घड्याळ पोहायला घालता येईल का?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. बिघाड नाही. या मॉडेलची बेझल, म्हणजे काचेभोवतीचं फिरतं कडं, कारखान्यातूनच दोन्ही बाजूंना फिरणारी आहे, साठ खटक्यांची. एक खटका म्हणजे एक मिनिट. आजकालच्या बहुतेक डायव्हर घड्याळांच्या बेझल फक्त काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. पाणबुड्या पाण्यात उतरताना त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणतो आणि मग काटा रिंगवरच्या ज्या खुणेवर आला असेल तेवढी मिनिटं झाली असं वाचतो. रिंग चुकून धक्का लागून काट्यांच्या दिशेने सरकली, तर झालेला वेळ कमी दिसतो आणि माणूस हवा संपत आली तरी खालीच राहतो. उलट सरकली तर वेळ जास्त दिसतो, तो लवकर वर येतो, इतकंच. म्हणून पुढे एकाच दिशेला फिरणाऱ्या बेझल आल्या. रोलेक्सची सबमरिनर १९५३ सालची, पण तिचीसुद्धा बेझल सुरुवातीची बरीच वर्षं दोन्ही बाजूंना फिरायची. तेव्हा कोणी 'रिपेअर' म्हणून तुमची बेझल एकाच बाजूला फिरणारी करून द्यायला निघाला, तर घड्याळ घेऊन उठा.

सिरियलचंही सांगतो. सेइकोच्या त्या काळातल्या सिरियलचा पहिला अंक म्हणजे सालाचा शेवटचा अंक आणि दुसरा म्हणजे महिना. ६३०९-७०४० साधारण १९७६ ते १९८८ या काळात बनलं, त्यामुळे ३ म्हणजे १९८३ च, आणि ८ म्हणजे ऑगस्ट. ज्यांचा सिरियल ६, ७ किंवा ८ ने सुरू होतो त्यांना मात्र डोकं खाजवावं लागतं, कारण ६ म्हणजे १९७६ की १९८६ हे नुसत्या अंकावरून कळत नाही. तुमचे बाबा त्या सुमारास मस्कतला होते का, ते बघा. असले तर घड्याळ आणि गोष्ट दोन्ही जुळतात.

आता मुख्य प्रश्न. तुम्ही विचारताय, नवी रिंग कशी बसवू. तीस वर्षं घड्याळदुरुस्तीचं काम केल्यावर मला वाटतं की प्रश्न खरं म्हणजे असा हवा: जुनी रिंग न वाकवता, न तोडता बाहेर कशी काढू? नवी बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे बिघडून येणाऱ्या दहांपैकी आठ घड्याळांचा घात काढताना झालेला असतो.

शब्द एकदा नीट लावून घेऊ, कारण दुकानात सगळ्यालाच 'रिंग' म्हणतात आणि मग घोळ होतो. काचेभोवती फिरणारं, कडेला खाचा असलेलं स्टीलचं कडं म्हणजे बेझल. त्या कड्यात वरून बसवलेली, आकडे छापलेली पातळ अॅल्युमिनियमची चकती म्हणजे इन्सर्ट. तुम्हाला बदलायची आहे ती इन्सर्ट. बेझल तुमची चांगलीच असणार, नुसती साफ करायची.

इन्सर्ट पातळ असते, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तिचा काळा रंग हा वरून मारलेला पेंट नसतो. अॅल्युमिनियम आम्लाच्या पाण्यात बुडवून, त्यातून वीज सोडून त्यावर ऑक्साइडचा एक सच्छिद्र थर चढवतात, त्या बारीक छिद्रांत रंग मुरवतात आणि मग गरम पाण्याने छिद्रं बंद करतात. याला अॅनोडायझिंग म्हणतात. हे कळलं की दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, उन्हाने तो रंग हळूहळू विटतो. काळ्याचा राखाडी किंवा निळसर होतो, लालाचा गुलाबी. दोन, खरवड खोल गेली की तिथे रंग धरणारा थरच उरत नाही. मग मार्कर पेनने काळं करणारे लोक असतात. ते काळं आठवड्याभरात जांभळं दिसायला लागतं आणि घामाने शर्टाच्या बाहीला लागतं. तो नाद करू नका.

बदलावी की नाही? हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्यातल्या दोन फक्त तुम्हालाच माहीत आहेत. रोज वापरायचं आहे की पेटीत ठेवायचं? कधी विकायचा विचार आहे का? आणि ती खरवड कशाची आहे, हे घरात कुणाला आठवतं का?

विकायचं असेल तर ऐका. जुन्या घड्याळांच्या बाजारात विटलेली मूळ इन्सर्ट ही खोट मानली जात नाही, उलट मोल वाढवते. रोलेक्सच्या जुन्या जीएमटी आणि सबमरिनर या मॉडेलांच्या, विटून राखाडी झालेल्या इन्सर्टना 'घोस्ट' म्हणतात आणि लोक त्यासाठी वेगळे पैसे मोजतात. इतके, की नवी इन्सर्ट ब्लीचमध्ये बुडवून खोटी जुनी करणारेही आहेत. सेइकोचं तेवढं नाही, पण कारखान्याची मूळ इन्सर्ट असलेलं ६३०९ आणि बाजारातली बसवलेली इन्सर्ट असलेलं ६३०९ यांत जाणकार फरक करतोच. तुमच्या वर्णनावरून सांगतो: रंग विटणं मी चालवून घेतलं असतं. धातूपर्यंतची खरवड आणि गेलेला ठिपका, दोन्ही एकत्र असतील आणि घड्याळ रोज घालायचं असेल, तर बदलायला माझी हरकत नाही. पण जुनी टाकायची नाही.

हे मी शिकलो ते चुकून. पहिल्या चार-पाच वर्षांत मी किती जुन्या इन्सर्ट कचऱ्याच्या डब्यात टाकल्या याचा हिशोब नाही. एक मात्र आठवते. बोटीवर इंजिनिअर असलेले एक गृहस्थ होते. त्यांच्या स्विस घड्याळाची निळी इन्सर्ट उडून राखेच्या रंगाची झाली होती. मी नवीकोरी बसवून दिली, ते खूश, मी खूश. अकरा वर्षांनी त्यांची मुलगी तेच घड्याळ घेऊन आली. म्हणाली, बाबांच्या जुन्या फोटोत ही रिंग वेगळी दिसते, ती मिळेल का? मी काय सांगणार? तेव्हापासून कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्या जमवून ठेवल्या आहेत. जुना भाग डबीत, डबीवर चिठ्ठी, आणि गिऱ्हाईक नको म्हणालं तरी त्याच्या हातात.

आपल्याकडे यात एक जास्तीची अडचण आहे. जुन्या सेइकोची डायल नव्याने रंगवून, मिळेल ती चावी (बाजूचं फिरवायचं बटण) आणि मिळतील ते काटे लावून चकाचक केलेली घड्याळं आपल्या बाजारातून जगभर गेली, आणि परदेशातले संग्राहक अशा मालाला सरळ 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ऐकायला बरं वाटत नाही, पण नाव आम्हीच कमावलंय. गिऱ्हाईक 'नव्यासारखं करा' म्हणायचं आणि कारागीर करून द्यायचा. तुमच्या हातात बाबांनी स्वतः घेतलेलं, मधे कुणी न उघडलेलं घड्याळ असेल, तर ते जसं आहे तसं असण्यालाच किंमत आहे. बदल करा, पण परत फिरवता येईल असाच करा. पुढे मी जे सांगतोय त्यातली निम्मी सावधगिरी एवढ्यासाठीच आहे.

एक धोक्याची सूचना, तुमच्यासाठी नाही, पण हे वाचून दुसरं कुणी आजोबांचं घड्याळ काढून बसेल म्हणून. १९६० च्या आधीच्या स्विस घड्याळांत डायलवर, काट्यांत आणि कधीकधी बेझलवरही चमकण्यासाठी रेडियम वापरायचे. रोलेक्सच्या पहिल्या जीएमटी-मास्टरची, म्हणजे ६५४२ ची, इन्सर्ट तर बेकेलाइटची होती आणि आकड्यांमध्ये रेडियम. ती तडकायची, पुढे कंपनीने अॅल्युमिनियमची आणली. रेडियमचं अर्धायुष्य साधारण १६०० वर्षं आहे. चमक गेली याचा अर्थ किरणोत्सर्ग गेला असा होत नाही, फक्त चमकणारं रसायन थकलेलं असतं. असा ठिपका खरवडायचा नाही, त्याच्यावर फुंकर मारायची नाही, पूड श्वासात जाता कामा नये. पुढच्या काळातल्या ट्रिटियमचं अर्धायुष्य साडेबारा वर्षांहूनही थोडं कमी आहे, ते आता बरंचसं विझलेलं असतं. तुमच्या १९८३ च्या सेइकोत रेडियमचा प्रश्न येत नाही.

आता नवी इन्सर्ट विकत घेण्याबद्दल. पानावर '६३०९ साठी' लिहिलंय म्हणून मागवू नका. बरेच विक्रेते एकच इन्सर्ट सेइकोच्या चार-पाच मॉडेलांची नावं लिहून विकतात. कधी बसते, कधी नाही. आधी व्हर्नियर कॅलिपरने मोजा: बाहेरचा व्यास, आतला व्यास, जाडी. तीन ठिकाणी मोजा आणि विक्रेत्याला मापं विचारा. त्याने मापं दिली नाहीत तर दुसरा विक्रेता बघा. व्यासात ०.१ मिमी जास्त म्हणजे इन्सर्ट बसणार नाही किंवा दाबून बसवली तर मधे फुगेल. ०.१ मिमी कमी म्हणजे हलेल आणि कडेला काळी फट दिसेल. दुसरं, सपाट की उताराची हे बघा. आतल्या बाजूला उतार असलेल्या इन्सर्ट हल्ली खूप मिळतात, छान दिसतात, पण या घड्याळाच्या नाहीत. तिसरं, आकड्यांचा बांधा. जुन्या इन्सर्टचा जवळून फोटो काढा, नवीच्या फोटोशेजारी ठेवा आणि फक्त २ आणि ४ हे अंक बघा. नकलेत सगळ्यात आधी तेच चुकतात. त्रिकोण किती मोठा आहे तेही बघा. सिरॅमिकची घेऊ नका. ती खरवडत नाही हे खरं, पण जाड आणि चकचकीत असते. चाळीस वर्षांच्या मॅट डायलभोवती ती लग्नात नव्या बुटासारखी दिसते.

ठिपक्याचंही तसंच. नव्या इन्सर्टचा ठिपका अंधारात हिरवा भगभगतो आणि तुमच्या डायलवरचा माल केव्हाच निवलेला असणार. दिवसा पांढराशुभ्र ठिपका पिवळसर डायलशेजारी खटकतो. शक्य असेल तर मळकट पिवळसर ठिपक्याची इन्सर्ट निवडा. आणि खरवड तुम्हाला सलत नसून फक्त ठिपकाच सलत असेल, तर नुसता ठिपका वेगळा मिळतो, तो जुन्याच इन्सर्टमध्ये बसवून घेता येतो. हा पर्याय लोक विसरतात. मला स्वतःला तो सगळ्यात आवडतो.

इन्सर्ट बेझलमध्ये कशाच्या जोरावर बसली आहे, हे काढण्याआधी कळायला हवं. तीन प्रकार भेटतात. नुसती घट्ट बसणारी, म्हणजे मापाच्या जोरावर. दुतर्फा चिकट पट्टीवर बसवलेली. आणि गोंदाने चिकटवलेली. कारखान्याने कशी बसवली होती हे कागदावर काहीही असो, चाळीस वर्षांत मधे कुणी हात घातला असेल तर काहीही सापडतं. मी एकदा बेझलमध्ये पंक्चरचं सोल्युशन पाहिलंय. भिंगातून इन्सर्टच्या आतल्या कडेकडे बघा. पिवळट चकचकीत कड दिसली तर गोंद. काही दिसलं नाही तर बहुतेक माप किंवा पट्टी.

काढायचे दोन मार्ग आहेत. एक, बेझल घड्याळावर तशीच ठेवून इन्सर्टच्या आतल्या कडेखाली पातळ पातं घालून उचलायची. दुसरा, आधी अख्खी बेझल घड्याळावरून काढायची आणि मग इन्सर्ट खालून ढकलून बाहेर काढायची. व्हिडिओत बहुतेक जण पहिला मार्ग दाखवतात, कारण तो लवकर होतो. मी जवळजवळ नेहमी दुसरा घेतो. पात्याने उचलताना सगळा जोर एका जागी येतो आणि अॅल्युमिनियमला एकदा मोड पडली की ती कधीच पूर्ण जात नाही. शिवाय पातं घसरलं की काचेच्या कडेला चिरा. खालून ढकलताना जोर फिरता ठेवता येतो. आणि चाळीस वर्षांच्या घामाचा, साबणाचा, धुळीचा जो थर बेझलखाली बसलेला असतो, तो बघायचा असेल तर बेझल काढावीच लागते. कोकणात किंवा मुंबईत वापरलेलं घड्याळ असेल तर तो थर म्हणजे खारट सिमेंटच असतं, आणि त्याच्याखाली स्टीलला बारीक खड्डे पडायला सुरुवात झालेली असते.

दुसऱ्या मार्गात मात्र या मॉडेलमध्ये एक सापळा आहे. खटके येतात ते बेझलखाली असलेल्या एका बारीक स्टीलच्या गोळीमुळे, आणि तिच्याखाली तितकीच बारीक स्प्रिंग असते. बेझल सुटली की गोळी उडते. माझ्या पहिल्या ६३०९ ची गोळी उडाली तेव्हा मी दुकानाची फरशी रात्री साडेनऊपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवून झाडली होती. सापडली कुठे, तर माझ्याच शर्टाच्या खिशात. म्हणून सांगतो, बेझल सुटायच्या वेळी घड्याळ आणि दोन्ही हात मोठ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत असू द्या. बावळट दिसतं, पण गोळी पिशवीतच राहते. आणि चुंबक घड्याळाजवळ आणू नका, मशीनच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला ते चढलं की घड्याळ पुढे धावायला लागतं.

हत्यारं फार लागत नाहीत. केस (म्हणजे घड्याळाचं बाहेरचं स्टीलचं कवच) उघडायची बोथट सुरी, चांगलं भिंग, प्लास्टिकचा चिमटा, दात कोरायच्या लाकडी काड्या, कागदी चिकटपट्टी, केस वाळवायचा ड्रायर, जुना टूथब्रश. पट्टा आधी काढून ठेवा. केसवर बेझलच्या कडेने दोन पदरी कागदी पट्टी चिकटवा, म्हणजे सुरी घसरली तर ओरखडा पट्टीवर जाईल. काचेवरही एक पट्टी.

या घड्याळाची चावी चारच्या जागी आहे. तेव्हा सुरी तिच्यापासून दूर, आठ ते दहाच्या मध्ये लावायची. बेझल आणि केस यांच्यामधली फट भिंगातून शोधा. सुरीचं टोक फटीत जेमतेम शिरलं की तिला वर उचकटू नका, फक्त जागेवर पिळा, किल्ली फिरवतात तशी. बेझल जराशी उठली की सुरी काढा, थोडी पुढे लावा, पुन्हा पिळा. तीन-चार ठिकाणी असं फिरत गेलात की ती टक्कन सुटते. पहिल्याच जागी जोर लावून सोडवायला गेलात तर बेझल वाकडी होते, मग ती फिरताना एका बाजूला घासते आणि त्याला इलाज नाही. दहा मिनिटांत हलली नाही तर थांबा. कोमट साबणाच्या पाण्याचे दोन थेंब फटीत सोडा, रात्रभर ठेवा, पण चावी घट्ट फिरवून बंद असल्याची खात्री करून. सकाळी बहुतेक वेळा ऐकते.

बेझल हातात आली की उलटी करा. तिच्या आत एक पातळ काठ असतो, त्यावर इन्सर्ट टेकलेली असते, आणि बहुतेक बेझलमध्ये इन्सर्टची आतली कड त्या काठाच्या थोडी पुढे येते. तिथे लाकडी काडीने खालून हलकेच ढकलायचं. बाराला थोडं, सहाला थोडं, तीनला, नऊला, पुन्हा बाराला. हलत नसेल तर ड्रायरची गरम हवा अर्धा-एक मिनिट द्या, हाताला चटका बसेल इतकी नको. पट्टीचा गोंद मऊ होतो आणि इन्सर्ट सोलल्यासारखी सुटते. सुपरग्लू असेल तर उष्णतेने भागत नाही, बेझल एका छोट्या काचेच्या वाटीत अॅसिटोनमध्ये झाकून ठेवावी लागते. त्यात इन्सर्टवरची छपाई आणि ठिपका जायची शक्यता असते, हे लक्षात घेऊन ठरवा. आणि अॅसिटोन फक्त सुट्या बेझलसाठी, घड्याळाजवळ नाही. तुमच्या सेइकोची काच हार्डलेक्स, म्हणजे कडक केलेली खनिज काच आहे, तिला काही होणार नाही. पण ज्यांच्या घड्याळाला जुनी प्लास्टिकची काच आहे त्यांची काच अॅसिटोनच्या एका थेंबाने दुधाळ होते.

इन्सर्ट निघाली की ती डबीत, आणि मग साफसफाई. बेझल साबणाच्या कोमट पाण्यात, टूथब्रशने. केसवरची खोबण मात्र कोरड्या काडीने आणि ओलसर कापडाने, पाण्याखाली धरायची नाही. काही घड्याळांत काच दाबून धरणारी रिंग नेमकी बेझलखाली असते, तिला धक्का लावू नका, ती हलली की काचेखालचं सील गेलं. बेझलच्या आतली रबर रिंग कडक झाली असेल तर नवी घाला, शाबूत असेल तर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. फिरताना जो रेशमी विरोध जाणवतो तो या रबराचा असतो.

इथपर्यंत नीट झालं असेल तर अवघड भाग संपला. नवी इन्सर्ट एका सपाट काचेवर ठेवा आणि बोटाने टोचून बघा. डुगडुगली तर पोस्टात वाकली आहे. काचेवर पालथी ठेवून अंगठ्यांनी हळूहळू सरळ करा. मग गोंदाशिवाय बेझलमध्ये बसवून बघा. किंचित घट्ट असेल तर इन्सर्टच्या बाहेरच्या कडेवर हजार नंबरचा पॉलिश पेपर गोल फिरवत दोन-तीनदा मारा. बेझलला कानस लावायची नाही, कधीच नाही. इन्सर्ट दुसरी मिळेल, कारखान्याची बेझल मिळणार नाही.

आता जुळणी, आणि इथे घाई केलीत तर रोज दिसेल. आधी रिकामी बेझल घड्याळावर बसवा. स्प्रिंग भोकात, तिच्यावर गोळी, गोळीला ग्रीसचा कण म्हणजे ती जागेवर राहते, आणि बेझल दोन्ही अंगठ्यांनी समोरासमोर दाबून टक्क. फिरवून बघा, खटके येतायत ना. मग बेझल एका खटक्यावर थांबवा आणि त्याच स्थितीत इन्सर्टचा त्रिकोण डायलवरच्या बाराच्या खुणेशी जुळवा. खटका न बघता इन्सर्ट चिकटवली तर त्रिकोण कायम दोन खटक्यांच्या मध्ये राहू शकतो. एक खटका सहा अंशांचा, अर्धा तीन अंशांचा, आणि या आकाराच्या बेझलच्या कडेला तीन अंश म्हणजे जवळपास एक मिलिमीटर. ते आंधळ्यालाही दिसेल. एका डोळ्याने, अगदी समोरून बघा, तिरकं बघितलंत तर काचेच्या जाडीमुळे फसाल.

चिकटवायचं कशाने? इन्सर्ट घट्ट बसत असेल तर कशानेच नाही. सैल असेल तर त्याच मापाची दुतर्फा चिकट पट्टीची तयार गोल रिंग मिळते, ती उत्तम. तीही नसेल तर घड्याळाच्या काचेसाठी वापरतात तो पारदर्शक, हळू वाळणारा गोंद, टाचणीच्या टोकाने चारच ठिपके. बारा, तीन, सहा, नऊ. पूर्ण गोल लेप द्यायचा नाही, कारण हीच इन्सर्ट उद्या तुमच्या मुलीला किंवा मुलाला काढायची असेल. सुपरग्लू घरात असला तरी त्या दिवशी कपाटात कुलूप लावून ठेवा. त्याच्या वाफेने काचेवर आणि काळ्या रंगावर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते, आणि तो पातळ असल्यामुळे फटीतून खाली उतरून बेझल केसला चिकटवतो. अशी एक बेझल सोडवायला मला दोन दिवस लागले होते. मग मऊ कापड, त्यावर काचेपेक्षा मोठ्या भोकाची प्लास्टिकची गोल चकती, म्हणजे दाब इन्सर्टवर येईल, काचेवर नाही. सारखा दाब द्या आणि चोवीस तास फिरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात त्रिकोण पुन्हा बघा. सरकला असेल तर गोंद अजून ऐकण्यासारखा असतो.

हे सगळं घरी जमेल का, तर हाताला बारीक कामाची सवय असेल तर जमेल. नसेल तर आधी दोन-तीनशेच्या एखाद्या टाकाऊ घड्याळाची बेझल काढून बघा, हात कुठे घसरतो ते कळेल. ज्याच्याकडे नेणार असाल त्या कारागिराला एकच प्रश्न विचारा, 'बेझल काढणार की वरूनच उचलणार?' त्याने गोळीचा उल्लेख स्वतःहून केला तर घड्याळ त्याच्या हातात द्यायला हरकत नाही.

राहिलं पोहण्याचं. हे घड्याळ नवं असताना १५० मीटरचं होतं, पण तो आकडा बेझलमुळे आलेला नव्हता आणि इन्सर्ट बदलल्यामुळे परत येणार नाही. पाणी अडवतात ती काचेखालचं, पाठीच्या ढक्कनाचं आणि चावीच्या आतलं रबर. तुमची ही तिन्ही रबरं १९८३ ची असतील तर आज ती डांबरासारखी चिकट झाली असतील नाहीतर काडीसारखी मोडतील. तेव्हा इन्सर्टचं काम झालं की तिन्ही सील बदलून घ्या आणि कारागिराकडे हवेच्या दाबाने तपासणी करायचं यंत्र असेल तर तपासून घ्या. ते यंत्र केस किती फुगते-दबते यावरून गळती सांगतं, घड्याळ पाण्यात बुडवायची गरज पडत नाही. तपासणीत पास झालं तरी मी ते पावसात, हात धुताना बिनधास्त घालेन आणि पोहायला जाताना घरी ठेवून जाईन. चावी बाहेर ओढलेली नाही आणि स्क्रू पूर्ण फिरवून बंद आहे, एवढं रोज सकाळी बोटाने बघून घेत जा.